पाठीतलं लोखंड आणि आक्कांचा नवस

माझ्या पाठीत दोन सळया आणि चार स्क्रू आहेत. ते अजून तिथेच का आहेत हे सांगायचं, तर आधी माझा खोटेपणा सांगावा लागतो, आणि म्हणूनच इतकी वर्षं हा अनुभव मी कुणाजवळ बोलले नाही. देवीच्या कृपेच्या गोष्टी लोक मोठ्या आनंदाने सांगतात. मला मात्र ती आठवण आली की आधी लाज वाटते, मग डोळ्यांत पाणी येतं, आणि कृपेचं सुचतं ते त्यानंतर. शाळेत उभा जन्म 'नेहमी खरे बोलावे' असं फळ्यावर लिहीत आले. तेच लिहिणाऱ्या या बाईने घरात काय केलं ते आता लिहूनच टाकते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भोकरदनजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिक्षिका होते. हे जालन्याला नोकरीला, मस्तगडात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. घर चालायचं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या जिवावर. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. आक्कांना अक्षरओळख नाही. मी डी.एड. झालेली, पगार घेणारी. त्या मला चेष्टेने मास्तरीण म्हणत आणि मला ते मनातून आवडत असे. सणावाराला धाकटीने थोरलीच्या पाया पडायचं ही रीत. मी पडत असे, पण वरवर, पदर सावरता सावरता, बोटं त्यांच्या पायांना लागली न लागली अशी. शिकलेल्या बाईने किती वाकायचं याचं एक माप मी मनात धरलं होतं.

एका मे महिन्यात मी घराच्या धाब्यावर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करायला चढले. उतरताना दोन्ही हातांत सूप. खाली आक्का शिडी धरून उभ्या होत्या. त्या म्हणत होत्या की सूप वरून दे, मग उतर. मी ऐकलं नाही. तेवढ्यात गोठ्यातलं वासरू सुटलं आणि आक्कांनी त्याचा कासरा धरायला शिडीवरचा हात काढला. त्याच क्षणी माझा पाय साडीच्या काठात अडकला आणि मी पाठीवर आपटले. शिडी जागची हललीही नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मणका फुटला होता. औरंगाबादच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन मणके एकमेकांशी सांधले आणि ते जुळेपर्यंत आधाराला म्हणून सळया-स्क्रू बसवले. पाय वाचले, ही देवीचीच दया. शुद्धीवर आले तेव्हा उशाशी आक्का होत्या. माझा हात धरून त्या एकच बोलत होत्या की मी शिडी सोडली, माझ्यामुळे झालं. मला अतोनात दुखत होतं, राग कुणावर तरी काढायचाच होता. मी डोळे मिटून घेतले आणि काही बोलले नाही. पुढे बोलायच्या शंभर वेळा आल्या, पण त्या वेळीही मी गप्पच राहिले.

तीन महिने आक्कांनी माझं सगळं केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं, केस विंचरणं. मी बरी होत गेले. शाळेत रुजू झाले. वाकायचं नाही, खाली बसायचं तर पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर बसायचं, असं व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी माझ्याकडून घोटून घेतलं होतं, आणि मला ते चांगलं जमायला लागलं होतं. शाळेत मी पहिलीच्या मुलींसमोर गुडघ्यांवर बसून त्यांच्या रिबिनी बांधून देत असे. घरी मात्र मला काहीच जमत नव्हतं. झाडणं, सारवणं, चुलीपुढे बसणं, सगळ्याला माझं एकच उत्तर होतं, की पाठीत लोखंड आहे. दुखत नव्हतं असं नाही. थंडीत तर फार दुखायचं. पण जेवढं दुखायचं त्याच्या दुप्पट मी सांगायची. दसऱ्याला आक्कांच्या पाया पडायची वेळ आली तेव्हाही मी उभ्यानेच हात जोडले आणि लोखंडाकडे बोट दाखवलं. आक्का म्हणाल्या, राहू दे, राहू दे.

गावातल्या बायकांनाही त्या लोखंडाचं फार कौतुक. विजा चमकायला लागल्या की मला घरात ढकलत. कुणी म्हणे ते आतून गंजतं, कुणी म्हणे परकी वस्तू अंग धरून ठेवते. मी हसत असे, पण ऐकून ऐकून माझ्याही मनात बसलं की हे काढलं की मी पूर्वीसारखी होईन. अडीच वर्षं झाल्यावर जालन्याच्या डॉक्टरांना दाखवायला गेले. यांना रजा मिळाली नाही, म्हणून मी एकटीच आत होते. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरून नीट पाहिला. हाड छान जुळलं होतं, स्क्रू जागेवर होते, काही सैल नव्हतं, कुठे टोचत नव्हतं. ते म्हणाले, अशा वेळी काढलंच पाहिजे असं नाही. काढलं तरी दुखणं जाईल याची खात्री देता येत नाही. पुन्हा भूल, पुन्हा चीर, पुन्हा काही आठवडे जपणं आलंच. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला आज नेमकं काय करता येत नाही? मी म्हटलं, वाकून नमस्कार करता येत नाही. ते हसले नाहीत. ते म्हणाले, तिथले मणके आता एक झालेत, लोखंड काढून ते सुटे होणार नाहीत. घाई नाही, घरच्यांशी बोला आणि मग काय ते ठरवा.

मी घरी येऊन सांगितलं, डॉक्टर म्हणतात काढलेलं बरं.

असं का सांगितलं, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. थोडी आशा होती, की डॉक्टरांना काय कळतं, काढल्यावर बरंच वाटेल. पण त्याखाली दुसरंच होतं. मी आता जेवढी बरी व्हायची तेवढी झालेय, हे घरात कळलं असतं तर मला उठून कामाला लागावं लागलं असतं. ऑपरेशन पुढे आहे म्हटलं की मी अजून आजारीच. दुसऱ्यांदा चिरून घ्यायला निघालेली मी, आणि कशासाठी, तर खराटा हातात घ्यायला नको म्हणून. हे लिहितानासुद्धा तोंड लपवावंसं वाटतं.

हे भोळे. त्यांनी पौष सरला की दवाखान्यात जायचं असं ठरवून टाकलं.  दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात दोरीवर त्यांची जुनी लुगडी धुऊन वाळत होती. मऊ झालेल्या त्या लुगड्यांचे तुकडे करून त्या घड्या घालत बसल्या होत्या, माझ्या अंथरुणात घालायला. पुन्हा भांडं, पुन्हा अंग पुसणं, पुन्हा सगळं त्यांच्याच हातांवर येणार होतं आणि त्यांनी त्याची तयारी सुरूही केली होती. मी त्यांना ओलांडून आत गेले. चहा झाला का, असं विचारलं.

त्यांनी एकच मागणं मागितलं. दवाखान्याआधी पिंपळगावच्या रेणुकाईला जाऊन येऊ. देवी आमची कुळस्वामिनी. पडल्यापासून मी तिथे गेले नव्हते. जायला निघाले ते भक्तीने नव्हे, आक्कांचं मन मोडायला नको म्हणून. आणि मनात असंही होतं, की देवीच्या पायाशी जाऊन आल्यावर आपलं खोटं जरा पक्कं होईल. कुणी विचारलं तर देवीलाही विचारून आलो म्हणता येईल.

एका मंगळवारी सकाळी आम्ही दोघी जीपने पिंपळगावला उतरलो. हवेत गारठा होता. देवळाबाहेर ओटीचं सामान विकणारी एक म्हातारी बसली होती, पुढ्यात नारळ, खण, हळदीकुंकवाच्या पुड्या. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती मात्र आक्कांना पाहताच ओळखीचं हसली आणि मग माझ्याकडे, माझ्या ताठ चालण्याकडे पाहत म्हणाली, "आली का गं तुमची मास्तरीण? मंग आज फिटंल नवस."

आक्कांनी तिला डोळ्यांनी दटावलं. मी विचारलं, कसला नवस? आक्का नारळ निवडायला लागल्या, जणू ऐकलंच नाही. म्हातारी काही गप्प बसणारी नव्हती. तिने आक्कांच्या पायांकडे बोट केलं.

"अडीच वर्सं झाली, दर पुनवेला येऊन राह्यली ही. पायात काही न्हाई. उन्हाळ्यातबी न्हाई. म्या इचारलं तव्हा म्हनली, माझी जाऊ देवीपुढं डोकं टेकवील, त्याच दिवशी चप्पल घालीन."

मी आक्कांच्या पायांकडे पाहिलं. त्या अनवाणी होत्या. त्या नेहमीच अनवाणी असत, निदान मला तसं वाटत होतं. आमच्याकडे तेव्हा शेतात जाणाऱ्या कितीतरी बायका अनवाणीच असायच्या, कोण लक्ष देतो. पण आता आठवलं, की आक्कांना टायरच्या चपला होत्या. गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवलेल्या त्या मी रोज पाहत होते आणि का खोचल्यात हे एकदाही विचारलं नव्हतं. दर पुनवेला सकाळी त्या कुठेतरी जात आणि दुपारी परत येत, तेव्हा मला चहा स्वतः करून घ्यावा लागे, म्हणून मी चिडत असे. आमच्या गावाहून पिंपळगाव चालत दोन तासांवर. कापसाच्या पऱ्हाट्यांची खुटं, मे महिन्यातला फुफाटा, सगळ्यातून ही बाई माझ्यासाठी अनवाणी चालत होती. आणि मी उभ्याने हात जोडून त्यांना तसंच चालत ठेवलं होतं.

 आक्का घाईघाईने म्हणाल्या, तिचं काय ऐकते, चल, तू उभ्यानंच हात जोड, देवी समजून घेती. त्या मला सूट देत होत्या. मी हात जोडून परत फिरले असते तरी त्यांनी तोंडातून शब्द काढला नसता आणि पुढच्या पुनवेला पुन्हा चालत आल्या असत्या.

आम्ही आत गेलो. देवीपुढे मी उभी राहिले आणि मला काही सुचेना. काय मागायचं तेही आठवेना. तेवढ्यात ती म्हातारी आपला पसारा कुणाच्या तरी भरवशावर टाकून आत आली. मी विसरलेला खण तिच्या हातात होता. माझ्या कोपराला धरून ती म्हणाली, "वाकता येत न्हाई तर गुडघ्यावर बस की, बाई. माझी कंबर धरली तव्हापासून मीबी अशीच बसते." आणि तिने मला करून दाखवलं. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग तळहात जमिनीवर, पाठ सरळ. मला जे येत होतं, जे मी शाळेत रोज करत होते, तेच ती मला मोठ्या मायेने शिकवत होती. त्या क्षणी मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात आधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

मी गुडघे टेकले. तळहात टेकले. हळूहळू मागे सरत कपाळ फरशीला लावलं. पाठीत एक कळ गेली, पण ती सोसवणारी होती. मला प्रकाश दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही. फरशी थंड होती आणि तेलाचा वास येत होता. डोळे उघडले तर समोर, कपाळापासून वीतभर अंतरावर, आक्कांचे पाय होते. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या, मी पडले तर धरता यावं म्हणून जरा पुढे सरकून. टाचांना भेगा होत्या आणि भेगांत काळी माती घट्ट बसलेली. एका अंगठ्याचं नख गेलेलं. मी देवीला नमस्कार करत होते आणि पाहत होते त्यांचे पाय. देवी कुठे आणि आक्का कुठे हे मला त्या वेळी वेगळं करता आलं नाही. मी किती वेळ तशी राहिले कोण जाणे. मला उठवेना, आणि ते पाठीमुळे नव्हतं.

बाहेर लिंबाखाली जीपची वाट पाहत बसलो. आक्का खूश होत्या. प्रसादाचा तुकडा माझ्या हातावर ठेवत होत्या. मी म्हटलं, आक्का, मला काही सांगायचंय. आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते, मी काय सांगितलं ते, मला गुडघ्यांवर बसता येतं ते. 

"ते ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "शाळेत पोरींच्या रिबिनी बांधताना पाह्यलंय तुला. शेतात जाताना दिसती की शाळा."

मी विचारलं, मग मला बोलला का नाहीत?

"नवस माझा व्हता. तुला सांगून करून घेतला असता तर देवीला काय पोचलं असतं?"

मग मी राहिलेलं सांगितलं. शिडीचं. की शिडी हलली नव्हती, माझाच पाय साडीत अडकला होता, आणि हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आक्कांचा चेहरा बदलला. प्रसादाचा हात तसाच थांबला. त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज मी ओळखला नाही.

"अडीच वर्सं मला बराबर झोप न्हाई आली. ह्या हातानं शिडी सोडली, ह्या हातानं सोडली, हेच डोळ्यापुढं. हे तू दवाखान्यातच सांगाया पाहिजे होतं."

 माफ करा म्हणायचीही माझी लायकी उरली नव्हती. जीप आली. आम्ही माणसांत दाटीवाटीने बसलो आणि गावापर्यंत आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. मी मनात देवीला म्हणत होते की आता तू ठरव. त्यांनी मला घराबाहेर काढलं तरी माझी तक्रार नाही. इतकी वर्षं मी देवीकडे काही ना काही मागत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा सगळं तिच्यावर सोडून गप्प बसले. आश्चर्य म्हणजे, पाठीपेक्षा छाती हलकी वाटत होती.

घरी आल्यावर आक्का गोठ्यात गेल्या, आढ्याच्या चपला काढून अंगणात टाकल्या. पट्टे वाळून कडक झालेले. मी तेलाची वाटी आणली, त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि पट्ट्यांना तेल चोळायला लागले. शेजारच्या दोघी-तिघी बायका कुडावरून बघत होत्या. बघू देत, म्हटलं. पट्टे जरा नरम झाल्यावर मी आक्कांचा पाय हातात घेतला आणि चप्पल घातली. मग दुसरा. मग कपाळ टेकवलं, नीट, पदर न सावरता. आक्कांनी पाय मागे घेतला नाही. मग म्हणाल्या, "लोखंड राहू दे तसंच. पर उद्यापासून अंगण तू झाडायचं. खराट्याला लांब दांडा बांधून देते." दुसऱ्या दिवशी पहाटे खरोखरच दांडा बांधलेला खराटा माझ्या दाराशी टेकवून ठेवला होता.

शनिवारी हे आले तेव्हा त्यांनाही सगळं सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, ते बरोबरच होतं. मग आम्ही दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो आणि पुन्हा सगळं नीट विचारून ऑपरेशन नको असं ठरवलं. पुढे कधी काही सैल झालं, टोचायला लागलं, तर पाहू, असं डॉक्टर म्हणाले. अजून तरी तशी वेळ आली नाही. ओटीचं सामान विकणाऱ्या त्या म्हातारीला भेटायला मी पुढच्या पुनवेला गेले होते, तर ती जागा रिकामी होती. लेकीकडे गेली असं कुणी म्हणालं. ती कोण होती याचा मी कीस काढत नाही. बोलू नये ते ती वेळेवर बोलली, एवढं माझ्यासाठी खूप आहे.

आता आक्कांना नीट दिसत नाही. दर दसऱ्याला मी त्यांच्यापुढे गुडघे टेकते. मला खाली जायला वेळ लागतो, उठायला त्याहून जास्त. तेवढा वेळ त्या हात माझ्या पाठीवर ठेवून बसतात, चाचपत चाचपत बरोबर सळयांच्या जागी. मग दरवर्षी विचारतात, दुखतं का गं, मास्तरीण? देवीच्या दयेने मी आता दुखत असलं तर दुखतं म्हणते, आणि नसलं तर नाही म्हणते.